शमसूभाईंची मालगाडी

ऑगस्टचा महिना, दुपारचे चार. बाहेर जेद्दा नुसतं भाजत होतं. मी वाटीभर साखर परत द्यायला समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली, तर दार उघडलं ते माकडटोपी, मफलर आणि गळ्यापर्यंत बटणं लावलेला जाडजूड लोकरी स्वेटर घातलेल्या एका माणसाने. खाली लुंगी होती, म्हणून हे शमसूभाई आहेत एवढं कळलं.

"शमसूभाई, ताप आलाय का?"

"एकदम ठणठणीत हाय, वैनी. सराव चाल्लाय."

"कसला?"

"थंडीचा. मालागाला जानेवारीत आठ डिग्री असते. अचानक गेलो तर माणूस काकडून मरायचा. तयारी पायजे, वैनी, तयारी! आत या. पण शाल घेऊन या."

आत बैठकीत एसी सोळावर ठेवला होता. कोचावर एक उघडी वही, पेन आणि वाफाळता चहा. सकीनाभाभी मात्र तिथे नव्हत्या. त्या आतल्या खोलीत दार लावून, उशांना टेकून, पंख्याखाली बसल्या होत्या. मला बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "दोन दिवस झाले, घराचं आइसक्रीम करून ठेवलंय ह्यांनी."

अल अझीझियातल्या आमच्या इमारतीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर राहायचो. माझा नवरा समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात इंजिनियर. आम्ही नाशिकचे. शमसुद्दीन मुकादम आणि सकीनाभाभी रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. मी नवीन आले तेव्हा पहिल्याच दिवशी सकीनाभाभींनी भातावर वाढायला सार पाठवलं होतं, आणि शमसूभाईंनी न बोलावता येऊन आमच्या न्हाणीघराचा ठिबकणारा नळ बंद करून दिला होता.

नळ हा त्यांचा धंदाच. शराफियात त्यांचं नळ-पाइपांचं दुकान होतं. पाटी कफीलच्या, म्हणजे कागदोपत्री मालक असलेल्या सौदी माणसाच्या नावाची, पण दुकान म्हणजे शमसूभाई. चौतीस वर्षं ते त्या गल्लीत बसले. तिथल्या केरळी, बंगाली, पठाण, सगळ्यांशी ते सारख्याच हक्काने बोलायचे. "घर कसं हाय ते दिवाणखान्यात बसून कळत नाय, वैनी. मोरीतला नळ बघायचा. जितं नळ ठिबकतो, तितं माणसं एकमेकांशी बोलत नायत." बोलणं हा त्यांचा प्राणवायू. गिऱ्हाईक एक वॉशर घ्यायला यायचं आणि चहा पिऊन, मुलीचं लग्न कुठे ठरवावं याचा सल्ला घेऊन जायचं. वॉशर कधी कधी राहूनच जायचा.

अशा माणसाला ही मालागाची बाधा झाली. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या दोह्याच्या मुलीने दोघांना स्पेनच्या टूरवर पाठवलं होतं. बरोबरची मंडळी फोटो आणि फ्रिजवर चिकटवायची चुंबकं घेऊन आली. शमसूभाई परत आले ते जाहीर करत, की आता दुकानातला भाग काढून घेणार आणि तिथल्या मालागात जाऊन राहणार.

"तिथे आहे काय?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"ऊन!" शमसूभाई म्हणाले. "समुद्र हाय आणि ऊन हाय. बारा महिने."

माझा नवरा खिडकीतून बाहेर बघत राहिला. समोरच्या गाड्यांचे पत्रे उन्हाने चमकत होते. जेद्दा सोडून उन्हाच्या शोधात निघालेला माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला असावा.

सकीनाभाभींना त्या गावाचं नावही तोंडात धरवत नव्हतं. त्या त्याला मालगाडी म्हणायच्या. "हे मालगाडीत राहायला चाल्ले. जाऊ देत. मी माज्या गावात जाते." बोलताना त्या मधे थांबायच्या. त्यांना दम्याचा त्रास होता. चार शब्द, मग एक ओढलेला श्वास, मग पुढचे चार शब्द. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की ती त्यांची बोलायची ढबच वाटायची.

शमसूभाईंनी स्पॅनिश शिकायला घेतलं. फोनमधली बाई एक वाक्य म्हणायची, हे तिच्यामागून ठणकावून म्हणायचे, आणि भिंतीपलीकडे आमचा वरणभात त्या वाक्यांच्या तालावर व्हायचा. सगळ्यात आधी त्यांना 'ओला' आलं. तिकडे नमस्कार असा करतात म्हणे. दुकानातून येऊन दारातच ते गर्जले, "ओला!"

आतून सकीनाभाभी फडकं घेऊन धावत आल्या. "कुठं ओला? काय सांडलात?"

हे पुढे रोज झालं. रोज शमसूभाई ओला म्हणायचे आणि रोज सकीनाभाभी फरशीकडे बघायच्या. नंतर नंतर मला वाटायला लागलं की त्या मुद्दाम बघतात.

दुसरं वाक्य 'संडास कुठे आहे' हे होतं. नळवाल्या माणसाला हे वाक्य आवडणं साहजिकच. ते त्यांनी शराफियाच्या बंगाली भाजीवाल्यावर इतक्या वेळा चालवून पाहिलं, की तो भाजीवाला शमसूभाई दिसले की भेंड्यांचा भाव आपणहून कमी करायचा. हा म्हातारा आपल्याला शिव्या देतोय अशी त्याची समजूत झाली होती. माझी मुलगी मात्र खूश. "आई, हिज ॲक्सेंट इज सो क्यूट," असं म्हणून ती त्यांची उजळणी घ्यायची.

आणि ती वही. रोज संध्याकाळी दुकानातून आले, की ते फोनवर मालागाची हवा बघून वहीत उतरवायचे. आज ऊन किती, दमटपणा किती, वारा कुठला. शेवटी एक रकाना होता, 'धूळ'. त्यापुढे जवळजवळ रोज 'नाय' असं लिहिलेलं.

"धुळीचं काय एवढं?" मी एकदा विचारलं.

"माणसानं सगळी चौकशी करावी, वैनी," एवढं बोलून त्यांनी वही मिटली. शमसूभाईंनी एका वाक्यात उत्तर संपवलं, हेच खरं तर माझ्या लक्षात यायला हवं होतं.

ही सगळी गंमत चालू होती तोवर इमारत हसत होती. मग एका शुक्रवारी समोरच्या घरातून सकीनाभाभींचा रडण्याचा आवाज आला. शमसूभाईंनी गावची हापूसची बाग विकली होती.

ती बाग त्यांच्या बापाने लावलेली. शमसूभाई दर मे महिन्यात गावी जाऊन कलमांच्या बुंध्यांवरून हात फिरवून यायचे. प्रत्येक झाडाला नाव होतं. एकाचं नाव तर 'कफील' होतं, कारण ते नुसतं सावलीत उभं राहायचं आणि शेजारच्या कलमाची फळं आपल्या नावावर खपवायचं.

"मला विचारलं नाय," सकीनाभाभी मला सांगत होत्या, "भावाला परस्पर कागद पाठवला. का विकली म्हणून विचारलं तर काय म्हणाले ठाऊक हाय? वानरं फार झाली! आता मी... गावी जाऊन... बसू कुठं?" त्यांना पुढे बोलवेना. मी पाठ चोळत राहिले. शमसूभाई दाराशी उभे होते. लुंगीचं टोक हातात धरून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे.

त्या दिवसापासून मीही त्यांच्याशी जरा तोडून वागायला लागले. माणसाने वेडं असावं, पण बायकोच्या जिवावर नाही, असं माझं मत होतं, आणि ते मी लपवलं नाही.

तरी सकीनाभाभींनी स्पेनच्या व्हिसाच्या अर्जावर सही केली. नवराबायको दोघांचा अर्ज असला तरच घेतात, असं शमसूभाईंनी त्यांना सांगितलं होतं. "सही देते. येणार नाय," हे त्यांनी चारदा बजावलं. दोघं मुलाखतीला रियाधच्या वकिलातीत जाऊन आले. ती हकिगत सकीनाभाभींनीच मला सांगितली, आणि तेव्हा मात्र त्यांना हसू आवरत नव्हतं.

"साहेबानं इंग्रजीत विचारलं, तितं जाऊन काय करणार? हे स्पॅनिशमधून सांगायला गेले. काय सांगितलं अल्लाला ठाऊक, साहेबानं दाराकडं बोट करून संडास दाखवला. हे खरंच जाऊन आले! मग हिंदी कळणारा एक माणूस आला. त्यानं परत विचारलं, काय करणार? हे म्हणाले, काय नाय. बसणार. नोकरी? नाय. धंदा? नाय. नुसता बसणार. तर साहेब खूश! म्हणे तसाच माणूस पायजे. तितं काम करायचं असेल तर घेत नायत."

शमसूभाई बाजूलाच होते. "चौतीस वर्षांत पहिल्यांदा, वैनी, काम न करायचा परवाना मिळणार हाय," ते म्हणाले. मी हसले नाही. बाग माझ्या डोक्यातून गेली नव्हती.

मार्चमध्ये धुळीचं वादळ आलं. दुपारी दोनच्या सुमाराला आकाश मातकट झालं, समोरच्या इमारती दिसेनाशा झाल्या. माझ्या दारावर थाप पडली. एकदाच, आणि तीही हलकी. दार उघडलं तर सकीनाभाभी चौकटीला धरून उभ्या. ओठ निळसर. त्यांना बोलता येत नव्हतं.

मला गाडी चालवायचा परवाना मिळून तेव्हा दोनच महिने झाले होते. नवरा बाजूला बसल्याशिवाय मी कधी मोठ्या रस्त्याला लागले नव्हते. त्या दिवशी मी त्या धुळीतून, दिवे लावून, देवाचं नाव घेत दवाखान्यात पोचले. शमसूभाईंना वाटेतूनच फोन केला. ते माझ्याआधी तिथे हजर होते. कसे पोचले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

सकीनाभाभींना आत नेलं, तोंडावर वाफेचा मास्क लावला. अर्ध्या तासाने डॉक्टर बाहेर आले. इजिप्तचे, वयस्कर. मला त्यांनी घरातलंच कोणी समजलं.

"मी या गृहस्थांना दोन वर्षांपूर्वीच सांगितलंय," ते माझ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाले, "या बाईंना ही धूळ चालणार नाही, आणि तुमच्याकडचा चार महिन्यांचा पाऊसही चालणार नाही. फुप्फुसं थकली आहेत. त्यांना स्वच्छ, सौम्य हवा हवी. स्पेनमध्ये बरं वाटलं होतं ना? मग अजून इथे का?"

डॉक्टर गेले. आम्ही दोघं त्या पांढऱ्या बाकावर बसलो.

"तितं चार दिवस होतो, वैनी," शमसूभाई म्हणाले. "चारी रात्री ती आडवी झोपली. बारा वर्षं झाली, ती उशांना टेकून बसून झोपते. पहिल्या रात्री मी घाबरलो. सारखा नाकाशी हात धरून बघत होतो, श्वास हाय ना. सकाळी उठली तर म्हणते कशी, 'आज उशी छान होती.'"

"मग तिला सांगा की हे! बाग तिच्यासाठी विकली, हे सगळं तिच्यासाठी चाललंय, हे सांगून टाका. ती बिचारी रडतेय."

"सांगितलं तर ती उठायची नाय." त्यांनी मान हलवली. "तुमी तिला ओळखत नाय. स्वतःसाठी म्हटलं की तिला काय नको. बांगड्या केल्या, त्या भाचीला दिल्या. मोतीबिंदू झाला तर दोन वर्षं भिंतीला धरून चालत होती. शेवटी मी सांगितलं, माजे डोळे तपासायला जायचंय, मला भीती वाटते, तू सोबत चल. तशी चालत आली. तितं डॉक्टरला डोळा मारून तिचंच ऑपरेशन करून घेतलं. दुसऱ्यासाठी म्हटलं ना, तर ती डोंगर चढेल. म्हणून माजंच वेड म्हणून सांगितलं. वेड्या नवऱ्याला एकटा सोडणार नाय ती. तुमी पण सांगू नका, वैनी. तुमाला तुमच्या मुलीची शपथ."

सात महिने मी या माणसाशी तोडून वागत होते.

भाभींना दोन दिवस तिथेच ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शमसूभाई आमच्याकडे डबा देऊन गेले. आत सुरमईचं तिखलं होतं, तांदळाच्या पातळ, पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या, आणि वर कांद्याची चटणी. माझा नवरा जेवता जेवता थांबला आणि म्हणाला, "भाभी दवाखान्यात आहेत ना? मग हे केलं कोणी?"

मी डबा परत द्यायला गेले तेव्हा शमसूभाई ओट्यावर भाकरी थापत होते. हाताची गती अशी, की मी बघतच राहिले. ज्या माणसाला, सकीनाभाभींच्या म्हणण्याप्रमाणे, गॅस कुठल्या बाजूला पेटतो हे ठाऊक नव्हतं, तो हा.

"भाभीला सांगू नका," ते तव्यावरून नजर न हलवता म्हणाले. आता मी त्यांच्या गुपितांचं गोदामच झाले होते. "ती यायच्या आधी अकरा वर्षं शराफियात आठ जणांच्या खोलीत राहिलो. सगळ्यांचं जेवण मी करायचो. मग इकामा, व्हिसा सगळं होऊन ती आली. पहिल्या दिवशी हौसेनं मी सगळं रांधून ठेवलं. तिनं खाल्लं आणि तिचं तोंड उतरलं. म्हणाली, 'तुमाला सगळं येतंय. मग मला कशाला आणलंत?' खलास! त्या दिवसापासून मला चहासुद्धा येत नाय."

सकीनाभाभी घरी आल्या त्या निश्चय करूनच. "आता मला गावी न्या. बाग नसली तर नसली, घर हाय. मरायचं तर गावात मरेन." दोह्याच्या मुलीला फोन झाला, तिकिटाची चौकशी झाली. आणि दोन आठवड्यांत स्पेनचा व्हिसाही आला. दोघांचा.

शमसूभाईंनी वाद घातला नाही. ते शांतपणे म्हणाले, "ठीक हाय. तू गावी जा. मी एकटा जातो. आजपासून घरातली सगळी कामं मी करणार. तयारी पायजे."

पुढचे आठ दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. पहिल्या दिवशी त्यांनी चहात मीठ घातलं. दुसऱ्या दिवशी डाळ अशी करपवली की खालच्या मजल्यावरचे लोक बादल्या घेऊन वर आले. इस्त्री करताना शर्टाला पाठीवर खिडकी पाडली. भाकरी म्हणून जे काही ताटात ठेवलं त्याला कोपरे होते. ज्या हातांनी थापलेली गोल भाकरी मी डोळ्यांनी पाहिली होती, त्याच हातांनी इतकं वाईट काही बनवायचं म्हणजे किती मेहनत पडली असेल!

पाचव्या दिवशी ते हरवले. दूध आणायला गेले आणि तीन तास आले नाहीत. सकीनाभाभी खिडकीत उभ्या, डोळ्यांत पाणी. मी शोधायला म्हणून खाली उतरले, तर मागच्या गल्लीतल्या येमेनी चहावाल्याकडे शमसूभाई आरामात बसलेले. दुधाची पिशवी मांडीवर.

"वैनी, अजून अर्धा तास द्या," ते घड्याळ बघत म्हणाले. "मग टॅक्सी करून घरी येतो. ड्रायव्हरला सांगायला लावतो, की म्हातारबाबा रस्त्यात रडत उभे होते."

"अहो, त्या तिकडे काळजीने अर्ध्या झाल्यात! पुन्हा दम लागला म्हणजे?"

त्यांचा चेहरा एकदम उतरला. चहा तसाच टाकून ते माझ्या पुढे धावत निघाले. टॅक्सीचा बेत राहिला तो राहिलाच. त्यांना घामाघूम, धापा टाकत दारात बघून सकीनाभाभींची मात्र पक्की खात्री पटली.

आठव्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या. खुर्चीत बसून आधी श्वास जमा केला.

"हा माणूस तितं आठ दिवसांत मरेल," त्या म्हणाल्या. "पाणी तापवता येत नाय... आपली गल्ली सापडत नाय... आणि ह्याला परक्या मुलखात जायचंय. लोक म्हणतील, सकीनानं नवऱ्याला... एकट्याला पाठवला." त्या थांबल्या. "जाते मी. वर्षभर. त्याला नीट बसवून देते आणि मग येते गावी. पण सांगून ठेवते, मी माज्यासाठी नाय जात!"

"नाही हो, तुमच्यासाठी कशाला," मी म्हणाले, आणि चहा टाकायचं निमित्त करून आत गेले.

सप्टेंबरात ते निघाले. चौतीस वर्षांचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, परत केला की माणूस किती झटकन उपरा होतो ते मी पाहिलं. शराफियातून तीन गाड्या भरून माणसं विमानतळावर आली होती. बंगाली भाजीवालाही आला होता, भेंडीची पिशवी घेऊन. शमसूभाई प्रत्येकाला मिठी मारत होते, प्रत्येकाला काहीतरी सांगत होते. कोणाच्या गिझरचा व्हॉल्व बदलायचा राहिलाय, कोणी मुलाला शाळेतून काढू नये, कोणी बायकोला फोन करावा. सकीनाभाभी चाकाच्या खुर्चीत बसून ओरडत होत्या, "यल्ला, विमान थांबणार नाय तुमच्यासाठी!" त्यांच्या मांडीवर कोकमाचा डबा होता आणि सुक्या बांगड्यांचं पुडकं चार पिशव्यांत गुंडाळलेलं, तरी वास येत होता.

त्यानंतर समोरच्या फ्लॅटमध्ये एक सीरियन कुटुंब आलं. चांगली माणसं आहेत.

पाच-सहा महिने नुसते निरोप येत होते. मग एका शुक्रवारी दुपारी जेवणं आटोपली आणि फोन वाजला. सकीनाभाभी.

"काय सांगू तुमाला, ह्या माणसानं माजा जीव खाल्लाय, दिवसभर घरात बसतो, बाजारात मीच जायचं, मासळी मीच आणायची, चढावर बाजार हाय पण मासळी चांगली मिळते, सार्डिन म्हणतात ती आपली तारलीच, खालच्या मजल्यावर एक म्हातारी हाय, कार्मेन, तिला मी तारलीचं तिखलं दिलं तर तिनं मला अंड्याचं थालीपीठ शिकवलं, तिची भाषा मला येत नाय, माजी तिला येत नाय, तरी रोज दोन तास बसतो, आणि हे मात्र एवढी वर्षं शिकून कोणाशी बोलत नायत, घुम्यासारखे खिडकीत, मी म्हटलं वर्ष झालं की मी जाणार, पण आता कार्मेनच्या नातीचं लग्न ठरलंय, तेवढं बघून जाते, थांबा, दूध उतू गेलं वाटतं, ह्यांच्याशी बोला!"

फोन हातातून हातात गेला. शमसूभाई आले.

"कसे आहात?" मी विचारलं.

"बरा हाय, वैनी." आवाज लहान झाला होता. "हितली माणसं चांगली हायत. पण भराभर बोलतात. मी एक वाक्य मनात जमवेपर्यंत ती पुढं गेलेली असतात. मग बंदरावर जाऊन बसतो. जेद्दाची बोट लागली तर बघत राहतो. खलाशांत कोणी आपल्याकडचा असला तर हाक मारतो. महिन्यात एखादा भेटतो."

मला शराफियातली ती गल्ली आठवली. तिथे या माणसाला दुकानापासून गाडीपर्यंत पोचायला अर्धा तास लागायचा, इतक्या हाका यायच्या.

"परत यावंसं वाटतं का?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग ते फोनच्या अगदी जवळ येऊन, हळू आवाजात म्हणाले,

"वैनी, आता ती बोलली ना, ते नीट ऐकलंत?"

"ऐकलं की."

"मधे कुठं थांबली?"

मी आठवून पाहिलं. "नाही थांबल्या."

"नाय ना?" ते म्हणाले. "मी पण बघत होतो. एकदापण नाय थांबली."

आतून सकीनाभाभींची हाक आली, चहा गार होतोय म्हणून. "आलो, आलो," म्हणत त्यांनी फोन ठेवला.